मत्स्यपेटीचे पाणी : गिरगाव ते परळ

मुंबईत मत्स्यपेटीचे पाणी बदलण्याची रीत दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी घडली. एक समुद्राला लागून असलेल्या सरकारी मत्स्यालयात आणि दुसरी गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींत. मत्स्यालयाला अरबी समुद्र शेजारी होता. चाळीला नळ होता, तोही ठराविक वेळेचा.

पाणी बदलावेच लागू नये, ही खटपट मात्र जुनी आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 च्या सुमारास काचेच्या टाकीत गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून तेच पाणी महिनोन् महिने टिकवून दाखवले. 1871 साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात विल्यम लॉइड यांनी पुढची पायरी गाठली. खाली अंधाऱ्या हौदात खारे पाणी साठवायचे आणि वाफेच्या पंपांनी ते टाक्यांतून अखंड फिरवत ठेवायचे, अशी ती योजना. बादल्यांचे काम तिथे यंत्राकडे गेले.

चर्नी रोड स्थानकाजवळ, मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले. एका पारशी दात्याच्या देणगीतून उभे राहिलेले हे मत्स्यालय पुढे राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे राहिले आणि सागरी जीवशास्त्राचे संशोधनही त्याला जोडलेले होते. समुद्र समोर असला म्हणजे पाण्याची चिंता मिटली असे वाटते. तसे होत नाही. पावसाळ्यात मुंबईचा किनारा गढूळ होतो, खाड्यांतून येणाऱ्या गोड्या पाण्याने खारेपणा उतरतो, आणि शहराचे सांडपाणी बाराही महिने त्याच समुद्रात जाते. त्यामुळे कोणत्याही किनारी मत्स्यालयात पाणी निवळवणे, गाळणे आणि फिरवत ठेवणे हेच खरे रोजचे काम असते. बारा फुटी ॲक्रिलिक बोगद्यासह मत्स्यालय 2015 मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा गर्दी बोगद्यासाठी झाली. गाळणयंत्रांकडे पाहायला कोण येतो?

घरगुती हौसेचा पसारा लहान, पण कष्ट कमी नव्हते. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल घरी येत. नेहमीची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तीत काठोकाठ 56 लिटर पाणी मावते, म्हणजे चार बादल्या. पूर्वी पेटी लोखंडी चौकटीची असे आणि काचा पुटीने बसवलेल्या. भरलेली पेटी हलवली की सांधा गळू लागे, म्हणून ती जागेवरच रिकामी करायची. रबरी नळीचे एक टोक तोंडाने ओढून पाणी खालच्या बादलीत सोडायचे, बादली मोरीत नेऊन ओतायची. गोटे घासायचे, काचेवरचे शेवाळ खरवडायचे.

नवे पाणी आदल्या दिवशीच पिंपात धरून ठेवलेले असे. विहार (1860), तुळशी (1879), तानसा (1892) आणि पुढे वैतरणा या तलावांचे पाणी शहराला मिळते ते क्लोरिन घालून. क्लोरिन माशांचे कल्ले जाळते. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास तो उडून जातो. घाई असेल तर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे टाकतात. फोटो धुणाऱ्यांच्या ओळखीचेच हे रसायन. पण दहा बाय बाराच्या खोलीत माशांसाठी वेगळे पिंप अडवणे म्हणजे घरातल्या बाईशी तह करणे होते. पहाटे नळावर भरलेल्या पाण्यावर पहिला हक्क स्वयंपाकाचा. पाणीकपात लागू झाली की मासे यादीत शेवटी जात.

एवढी मेहनत करूनही मासे मरत, आणि बऱ्याचदा त्या मेहनतीनेच. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. गोट्यांवर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. हे काम करणारे जीवाणू सर्गेई विनोग्रादस्की यांनी 1890 च्या सुमारास वेगळे काढून दाखवले होते, पण ही माहिती हौशी माणसापर्यंत पोहोचायला अर्धे शतक सहज गेले. नव्या पेटीत त्यांची वाढ पुरी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. दर रविवारी गोटे नळाखाली खळखळून धुणारा मालक ती वाढ दर रविवारी मोडत असे. आठवड्याला पाव हिस्सा, म्हणजे जेमतेम एक बादली पाणी बदलणे आणि गोट्यांतला गाळ नळीने ओढून घेणे, हे माशांनाही सोसते आणि मालकालाही.

पुढे सिलिकॉनने चिकटवलेल्या काचा आल्या, लोखंडी चौकट गेली. हवेचा पंप आणि गोट्यांखालची जाळी यांनी पेटीतले पाणी जागच्या जागी फिरू लागले. लालबाग-परळच्या गिरण्या आणि चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले, तशी नळाच्या वेळेची अडचणही तिथे उरली नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी आधीच काही तास थांबलेले असते, त्यामुळे क्लोरिनही थोडा उतरतो. उन्हाळ्यात मात्र दुपारी तेच पाणी तापून येते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून बदल सकाळीच करावा लागतो. बऱ्याच घरांत हे काम आता महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर दुकानाचा माणूस येऊन करतो. नळी आणि गाळणीचा स्पंज तो आपल्याबरोबर आणतो, बादली घरची.