लिस्बनचे पीप आणि गोव्याची उर्राक

देवस्थानाच्या उत्सवात अग्रशाळेच्या पडवीला पाण्याचे पिंप भरून ठेवलेले असते. त्यातून तांब्याभर पाणी घेताना हा शब्द मूळचा कोठला, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो पोर्तुगीज 'पीपा' होय. पगार, चावी, बटाटा हे शब्द ज्या वाटेने आमच्या भाषेत आले, त्याच वाटेने तोही आला. आणि ज्या वस्तूचे ते नाव, ती मुळात द्राक्षमद्य साठविण्यासाठी घडविलेली होती. लाकडाच्या फळ्या विस्तवाच्या धगीने वाकवावयाच्या, त्या एकमेकींस भिडवून लोखंडी कड्यांनी आवळावयाच्या, आणि दोन्ही तोंडे लाकडानेच बंद करावयाची, अशी तिची रचना. माप स्थळपरत्वे बदले; तरी एका पिपात साधारणतः चारशे-पाचशे लिटर मद्य मावे. लिस्बनहून गोव्यास निघणाऱ्या जहाजांच्या पोटात अशा पिपांच्या रांगा रचलेल्या असत. ते मद्य कोण पीत असे, सहा महिन्यांच्या प्रवासात त्याचे काय होई, आणि ते संपल्यावर त्याची जागा कशाने भरे, हा विषय आमच्या सोवळ्या वाचकांस परका वाटण्याचा संभव आहे. पण या कथेचे एक टोक आमच्याच माडांखाली येऊन थांबते. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. इतिहास मात्र सोवळ्याने लिहिता येत नाही.

जहाजातून परदेशी द्राक्षमद्य आमच्या किनाऱ्यास लागणे ही गोष्ट पोर्तुगीजांहून फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या नौकानयनाच्या ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्याचा उल्लेख असून इटलीचे मद्य मुख्य, त्याखेरीज लाओदिकियाचे व अरबस्तानचे, असे म्हटले आहे. राजासाठी उंची मद्य वेगळे. त्या काळी लाकडी पीप या वाटेवर नव्हते. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे रांजण असत, आणि त्यांची खापरे आमच्या पश्चिम किनाऱ्यावर व दक्षिणेत अनेक ठिकाणी मिळाली आहेत. अलीकडच्या संशोधनाने यात एक दुरुस्ती केली आहे, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पूर्वी रोमन म्हणून नोंदलेली पुष्कळशी खापरे रोमन नसून इराणी आखाताकडून आलेल्या, आतून डांबराचा लेप दिलेल्या लांबट रांजणांची आहेत, असे ठरले आहे. म्हणजे रोमशी असलेला व्यापार ओसरल्यावरही समुद्रमार्गे येणारे रांजण थांबले नव्हते.

आता पोर्तुगीजांच्या वाटेकडे वळू. इसवी सन १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये आल्बुकर्काने गोवे घेतले. त्यानंतर दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजे सुटत, आफ्रिकेचे दक्षिण टोक वळसा घालून मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी येत. एकेका मोठ्या जहाजावर पाचशे ते आठशे माणसे कोंबलेली असत. त्यांच्या शिध्याचे चांगले वर्णन लिन्शोटेन या डच तरुणाने करून ठेवले आहे. तो १५८३ मध्ये गोव्याच्या नव्या आर्चबिशपांच्या परिवारात याच मार्गाने आला, आणि त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले. माणशी दररोज पावणेदोन पौंड बिस्कुट, एक माप पाणी आणि अर्धे माप द्राक्षमद्य. महिन्याला बत्तीस पौंड खारवलेले मांस. त्याखेरीज सुकी मासळी, कांदा, लसूण. शिधा कच्चा मिळे; तो ज्याचा त्याने शिजवावयाचा. गळक्या, डोलणाऱ्या जहाजावर चुलीपाशी पाळी लावून आपापले मडके राखीत बसलेली ती माणसे डोळ्यांपुढे आणली म्हणजे या अर्ध्या मापाचे मोल कळते.

या आकड्यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. पाणी एक माप, मद्य अर्धे माप. समुद्रावर पाणी नासते म्हणून खलाशी मद्य पीत, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाण्याची जागा मद्याने कधी घेतलीच नाही. पाणी पिपांत राहून हिरवे होई, दुर्गंधी सोडी, त्यात किडे पडत. तरी उष्ण कटिबंधातील वारा पडलेल्या आठवड्यांत माणसे त्याच पाण्यासाठी तळमळत. मद्याने त्या पाण्याची घाण थोडी झाकली, पोटात थोडी शक्ती घातली, आणि, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते, त्या माणसांच्या दिवसाला एक ठरलेला सुखाचा क्षण दिला. पोर्तुगालच्या खेडुताच्या घरी भाकरीबरोबर मद्य असेच. ते जहाजावर तोडले असते तर बंडाळी झाली असती. रोगावर मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. हिरड्या सुजून दात गळण्याचा जो रोग या वाटेवर शेकडो बळी घेई, त्याचे कारण ताज्या फळभाज्यांतील क जीवनसत्त्वाचा अभाव, हे आज सर्वांस ठाऊक आहे. शिध्यात मद्य होते, शिर्का होता, तेल होते, लिंबू नव्हते. जहाज गोव्यास लागले की आजारी खलाशी व सैनिक तेथील राजरुग्णालयात भरती होत, आणि कित्येकांचा प्रवास तेथेच संपे.

श्रीमंत प्रवाशाची गोष्ट वेगळी होती. सरदार आणि मोठे अधिकारी स्वतःची सामग्री बरोबर आणीत, आणि तीत स्वतःचे निवडक मद्य असे. नोकरवर्गालाही आपापल्या दर्जाप्रमाणे काही पेट्या नोराशिवाय नेण्याची सवलत होती. तिला ते 'लिबेर्दाद', म्हणजे स्वातंत्र्य, म्हणत. शब्द मोठा गोड. पण त्या पेट्यांनी जहाजे इतकी भरत की काही बुडाली त्याचे एक कारण हा वाजवीपेक्षा अधिक भार होता.

याच जहाजांवरील एक विसंगती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पिपांच्या रांगा भरलेल्या त्या जहाजावर वेदीवर मात्र मद्य नसे. ख्रिस्ती पूजाविधीत द्राक्षमद्य अपरिहार्य आहे, आणि ते अभिमंत्रित झाल्यावर त्याचा थेंबही सांडणे हा प्रमाद. जहाज हेलकावणारे, म्हणून तेथे अभिमंत्रणाशिवायचा विधी होई. त्यास 'कोरडी मिसा' हे नाव होते. तीर्थ सांडू नये म्हणून जी काळजी आम्ही घेतो, ती ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या नावातील संकोच उलगडून सांगावा लागणार नाही. किनाऱ्यावर मात्र मिसा ओलीच हवी, आणि त्यासाठी माडाची वा तांदळाची दारू चालत नाही. द्राक्षांचेच मद्य हवे. गोव्यात द्राक्षे पिकत नव्हती. तेव्हा पिणारे इतर कशावर समाधानी झाले असते, तरी गोव्याच्या चर्चांसाठी पोर्तुगालचे पीप दरसाल येणे भागच होते.

आता त्या मद्याचे वाटेत काय होई ते पाहू. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून येणारे जहाज एका खेपेत विषुववृत्त दोनदा ओलांडते, जाऊन-येऊन चारदा. जहाजाच्या पोटात कोंडलेली उष्णता, सततचे हेलकावे आणि लाकडातून झिरपणारी हवा यांनी साधे मद्य आंबून जाई. पण काही मद्ये नासण्याऐवजी सुधारत, असे ध्यानात आले. आटलांटिकमधील मादैरा बेटाचे मद्य हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. (हा शब्द ऐकून आमच्या वाचकांस 'मदिरा' आठवेल, पण दोहोंचा काही संबंध नाही. बेटावर दाट अरण्य होते, आणि पोर्तुगीज भाषेत 'मादैरा' म्हणजे लाकूड.) अठराव्या शतकाच्या मध्यापासून या मद्यात ते टिकावे म्हणून द्राक्षांची आसवलेली दारू मिसळण्याचा प्रघात वाढला. असे पीप हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत आले, की त्याचा रंग गडद होई, चव जळक्या साखरेसारखी आणि सुक्या मेव्यासारखी होई, आणि नंतर ते वर्षानुवर्षे बिघडत नसे. फेरी करून आलेल्या या मद्यास 'विन्यु द रोद' म्हणत.

येथून पुढे हा व्यापार पोर्तुगीजांपेक्षा इंग्रजांच्या हाती अधिक गेला. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे फुंशाल बंदरी थांबून मादैराची पिपे घेत. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर ते मद्य रोजचे झाले. आणि जी पिपे न उतरता लंडनला परत जात, त्यांस तेथे अधिक किंमत येई. ज्या वस्तूने नुसता प्रवास केला, दुसरे काहीच केले नाही, तिचे मोल वाढावे, हा व्यापाराच्या इतिहासातला नवलाचा प्रकार आहे. मादैराच्या लोकांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस यावर युक्ती काढली: मद्य तापविलेल्या खोल्यांत ठेवावयाचे किंवा उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर पिपे वर्षानुवर्षे राहू द्यावयाची. म्हणजे समुद्र घरातच आणला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पिपे समुद्रावर फिरविण्याची चाल संपली.

हे झाले येणाऱ्या मद्याचे. परत जाणाऱ्या जहाजांवर काय असे, हा आमच्या दृष्टीने अधिक जवळचा प्रश्न आहे. वर्षातून एकदा जहाजाने येणारे द्राक्षमद्य गोव्यात महागच असावयाचे. सैनिकास, खलाशास आणि गरीब फिरंग्यास परवडे ती माडाच्या सुरेपासून आसवलेली दारू. पोर्तुगीज कागदांत तिचे नाव 'उर्राक'. आज गोव्यात उर्राक म्हटले की काजूची पहिल्या धारेची दारू समजली जाते. पण काजू पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणला, आणि त्यापूर्वी हा शब्द माडाच्या दारूस लागू होता. परतीच्या जहाजांवर हीच चढे. इंग्रज खलाशीही ती आवडीने घेत, आणि गोव्याची उर्राक इंग्लंडातही नावाजली गेली. ती, पाणी, साखर, लिंबाचा रस आणि मसाला यांच्या मिश्रणास इंग्रज 'पंच' म्हणत. हा शब्द इंग्रजांच्या लेखी १६३२ मध्ये प्रथम आढळतो; आणि १६७२ नंतर हिंदुस्थानात आलेला डॉक्टर फ्रायर तो आमच्या 'पाच' या संख्येवरून आला असे सांगतो. काही विद्वान ते मानत नाहीत. आम्हांस या वादात निकाल देण्याची घाई नाही. विनोद इतकाच, की ज्या लिंबाने हिरड्यांचा रोग टळला असता, ते लिंबू शेवटी औषध म्हणून नव्हे, तर मद्याच्या पेल्यात जहाजावर चढले.

ही उर्राक कोणाच्या हातून जाई? माडावर चढून सुर काढणारे भंडारी आमच्याच गावांतले. आणि उर्राकेवरील कर वसूल करण्याचा मक्ता सरकार लिलावाने देई. मक्त्याला पोर्तुगीज भाषेत 'रेंद', आणि मक्तेदाराला 'रेंदैरु'. माड काढणाऱ्यास आमच्या कोंकणीत 'रेंदेर' म्हणतात, तो शब्द याच कुळातला. सतराव्या शतकातील गोव्याच्या अशा नानाविध मक्त्यांपैकी बहुसंख्य हिंदूंच्या हाती होते, आणि त्यांत सारस्वत व्यापारी पुढे होते, असे त्या काळच्या हिशेबी कागदांचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांनी दाखविले आहे. हाच तो काळ, की ज्याच्या थोडे आधी तिसवाडी, साष्टी व बार्देश येथील देवळे पाडली गेली होती आणि श्रीमंगेश कुशस्थळीहून, श्रीशांतादुर्गा केळोशीहून नदीपार फोंड्याच्या आसऱ्यास गेली होती. चर्चच्या परिषदा हिंदूंस मक्ते देऊ नयेत म्हणून आग्रह धरीत. पण व्हाइसरॉयच्या तिजोरीस दुसरा बोली लावणारा पुरेसा मिळत नसे.

आमच्या देवस्थानांच्या इतिहासांत पहिली गोष्ट, म्हणजे देवांचे स्थलांतर, विस्ताराने येते, आणि ते योग्यच आहे. दुसरी सहसा येत नाही. जे घराणे नदीपलीकडे देवाच्या पालखीस खांदा देई, त्याच्याच वहीत नदीअलीकडे उर्राकेच्या मक्त्याचा जमाखर्च असणे शक्य होते. याला कोणी लाचारी म्हणेल, कोणी चातुर्य. आमच्या मते ते टिकून राहणे होते. आणि टिकून राहण्याचा जमाखर्च सगळाच्या सगळा लिहिला पाहिजे, त्यातली एखादी बाब अमंगळ वाटली तरी.

समुद्रावर पीप फिरविण्याची चाल संपली असे वर म्हटले. तिचा एक अलीकडचा अपवाद सांगितला पाहिजे. पोर्तुगालच्या सेतूबाल प्रांतात मस्कातेल द्राक्षांचे गोड मद्य होते. तेही पूर्वी जहाजांवरून परदेशी पाठविले जाई, आणि न खपता परत आलेल्या पिपांस 'तोर्न वियाजें', म्हणजे फिरून आलेले, म्हणत. तेथील जुझे मारिया द फोन्सेका या मद्यनिर्मात्यांनी २००० साली पोर्तुगीज नौदलाच्या 'साग्रेश' या शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर आपली पिपे चढवून हा जुना प्रयोग पुन्हा सुरू केला. २०१० मध्ये त्या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर नोव्हेंबरात ते गोव्यास आले. आल्बुकर्काने गोवे घेतल्याला त्याच महिन्यात पाचशे वर्षे पुरी होत होती, त्यामुळे गोव्यातील स्वातंत्र्यसैनिकांनी या भेटीस विरोध केला. जहाज नंतर लिस्बनला गेले. त्याच्या पोटातली मस्कातेलची पिपे डिसेंबरात उतरविली गेली.