यूटामधील माजी मॉर्मन : पंथत्यागानंतरची मंडळीतील उपस्थिती

धर्मांतराच्या इतिहासात साधारणतः दोन घटनांना महत्त्व दिले जाते : जुना पंथ सोडणे आणि नवा स्वीकारणे. पंथ सोडूनही त्याच घरात आणि त्याच आळीत राहणाऱ्या माणसाच्या पुढील आयुष्याकडे मात्र इतिहासलेखनाचे फारसे लक्ष जात नाही. अमेरिकेच्या यूटा राज्यातील माजी मॉर्मनांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पंथातून बाहेर पडलेला मनुष्य तेथे पुतणीच्या बाप्तिस्म्याला, शेजाऱ्याच्या मुलाच्या निरोपसभेला आणि आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जातोच. ही उपस्थिती श्रद्धेची खूण नव्हे आणि तिला केवळ शिष्टाचार म्हणूनही बाजूला सारता येत नाही. त्याने कोठे बसावे, काय घ्यावे, काय नाकारावे आणि कोणत्या दारापाशी थांबावे, हे त्या पंथाच्या संघटनेच्या इतिहासाने बरेचसे ठरवून ठेवले आहे.

जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने त्याची हत्या केली. त्यानंतर ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखाली अनुयायांचा मोठा भाग १८४७ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन स्थिरावला. १८४९ मध्ये सॉल्ट लेक शहराची १९ वॉर्डांत विभागणी झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हीच घटना सर्वांत निर्णायक होय. वॉर्ड म्हणजे एकाच वेळी उपासक मंडळी आणि वस्ती. त्याचा प्रमुख बिशप हा वेतन घेणारा धर्मोपदेशक नसून आळीतीलच एक गृहस्थ असे. दशांश गोळा करणे, गरिबांना धान्य पुरविणे, शेजाऱ्यांची भांडणे मिटविणे, एवढेच नव्हे तर पाटाच्या पाण्याची व्यवस्था पाहणे हीदेखील त्याची कामे होती. कोणी कोणत्या वॉर्डात जावे हे आजही घराच्या पत्त्यावरून ठरते. प्रोटेस्टंट मनुष्याला एका चर्चमध्ये करमले नाही तर तो दुसऱ्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये जाऊ शकतो. मॉर्मनाला ती सोय नाही. साहजिकच जो पंथ सोडतो त्याचे नाव वॉर्डाच्या यादीतून जाते, पण त्याचे घर वॉर्डाच्या हद्दीतच राहते. समोरच्या घरात राहणारा, पेशाने शिक्षक किंवा दंतवैद्य असणारा शेजारी हाच कदाचित त्याचा माजी बिशप असतो.

पहिल्या पिढीतील पंथत्याग्यांना याची झळ मुख्यतः व्यापारात लागली. वॉकर बंधू हे सॉल्ट लेकमधील मातब्बर व्यापारी. दशांशावरून यंगशी त्यांचे बिनसले व ते पंथाबाहेर गेले. बाहेरच्यांच्या दुकानांशी व्यवहार करू नये, असा आदेश देऊन १८६८ मध्ये झायन्स को-ऑपरेटिव्ह मर्कंटाईल इन्स्टिट्यूशन ही सहकारी व्यापारसंस्था उभारण्यात आली, तेव्हा अशा दुकानदारांची गिऱ्हाइके तोडणे हा तिचा एक उघड हेतू होता. दुसऱ्याच वर्षी विल्यम गॉडबी आणि ई. एल. टी. हॅरिसन यांनी आपल्या मासिकातून यंगच्या आर्थिक धोरणावर टीका केली व खाणउद्योगाचा पुरस्कार केला. ऑक्टोबर १८६९ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. त्यांच्या गटाने काढलेल्या पत्रातूनच पुढे १८७१ मध्ये ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ हे दैनिक आकाराला आले. पंथत्याग्यांनी शहर सोडले नाही, शहरातच दुसरा आवाज उभा केला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मराठी वाचकाला येथे ग्रामण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानावरून जे प्रकरण उद्भवले, त्यात कोणी कोणाच्या हातचे घेतले हा प्रश्न होता आणि पंक्तीचे दार बंद करणे ही शिक्षा होती. यूटामधील प्रवाह विसाव्या शतकात याच्या उलट दिशेने गेला. योगायोगाने १८९० हेच वर्ष तेथेही कलाटणीचे ठरले. त्या वर्षी विल्फर्ड वुडरफ याने बहुपत्नीकत्वाचा पुरस्कार थांबविल्याचे जाहीर केले आणि १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. वेगळी अर्थव्यवस्था आणि वेगळी विवाहपद्धती हे दोन्ही तट ढासळल्यावर पंथाने आपली ओळख दैनंदिन आचारात शोधली. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य करणारा नियम १९२१ च्या सुमारास मंदिरप्रवेशासाठी बंधनकारक झाला. परिणामी पंथ सोडल्याची पहिली दृश्य खूण म्हणजे स्वयंपाकघरातील कॉफीचे भांडे, असा प्रकार झाला. पुण्यात चहा पिणारा वाळीत पडला. यूटात कॉफी पिणाऱ्याला शेजारी पुढच्याच रविवारी पुन्हा बोलावू लागले. नावापुरत्या मॉर्मनाला तेथे ‘जॅक मॉर्मन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हाच शब्द मॉर्मनांविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या परक्या माणसाला लावीत. आतला आणि बाहेरचा यांच्यामध्ये राहणाऱ्यासाठी भाषेला शब्दाची गरज भासली, हेच मुळी बोलके आहे.

दार उघडे असणे ही सुखाचीच स्थिती आहे असे नाही, हे रविवारच्या उपासनेत विशेष कळते. मॉर्मन प्रभुभोजनात भाकर आणि पाणी असते. कॅथलिक उपासनेत प्रसाद घेणारा उठून वेदीकडे जातो. न घेणारा बाकावर बसून राहिला तरी फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. येथे मात्र किशोरवयीन मुले तबके घेऊन बाकापाशी येतात आणि तबक हातोहात रांगेतून पुढे सरकते. आईने घेऊन मुलीच्या हाती दिलेले तबक मुलीला काही न उचलता भावाकडे द्यावे लागते. प्रथम भाकरीचे तबक, मग पाण्याचे. म्हणजे नकार दोनदा नोंदला जातो. बहिष्कृत व्यक्तीला प्रभुभोजन घेण्यास मनाई असते. ज्याने स्वतः राजीनामा दिला आहे त्याची स्थिती याहून विचित्र असते. हा विधी सदस्यांसाठी आहे असे मानले जाते, परंतु बाहेरच्याने घेतल्यास त्याला अडवू नये असाही संकेत आहे. नियम त्याला थांबवीत नाही, म्हणून निर्णय त्याच्याच बोटांवर येतो. घेतले तर आईच्या मनात आशा निर्माण होते आणि न घेतले तर तिचा चेहरा पडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणीही सदस्य व्यासपीठावर जाऊन साक्ष देऊ शकतो. त्या साक्षीत घरच्या कोणा दुरावलेल्याचा उल्लेख आला, तर तो रांगेतच बसलेला असतो.

कौटुंबिक विधींमध्ये हाच ताण अधिक तीव्र होतो. बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो आणि तो देणारा पुरुष याजकपद धारण करणारा असावा लागतो. सामान्यतः हा मान वडिलांचा. पंथ सोडलेला पिता आपल्या मुलीला पाण्यात उतरताना काठावरून पाहतो. मंदिरातील विवाह तर त्याहून दूरचा. मंदिरात प्रवेशासाठी बिशपने दिलेले शिफारसपत्र लागते. ते नसलेल्या आईवडिलांना अपत्याच्या विवाहाच्या वेळी बाहेर थांबावे लागते. अमेरिकेत आधी नागरी विवाह केल्यास मंदिरविधीसाठी एक वर्ष थांबण्याची अट होती. त्यामुळे सर्वांसमक्ष लग्न लावण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता. ब्रिटनसारख्या देशांत विवाह सार्वजनिकरीत्या व्हावा असा कायदा असल्याने ही अट तेथे लागू नव्हती. म्हणजे अडचण सिद्धांताची नसून प्रशासनाची होती. मे २०१९ मध्ये ही अट रद्द झाली. तोपर्यंत मंदिराबाहेर थांबलेल्या पालकांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या. मंदिरात बद्ध झालेले कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहते ही श्रद्धा ध्यानी घेतली, म्हणजे एकाने पंथ सोडल्याचे दुःख नातलगांना एवढे का वाटते हे समजते. त्यांच्या दृष्टीने तो केवळ मतभेद नसतो, तर कायमची ताटातूट असते. नातलगांच्या आग्रहाला निव्वळ दडपशाही म्हणणारे लेखन म्हणूनच अपुरे वाटते.

अंत्यविधी हा त्यातल्या त्यात सर्वांना खुला प्रसंग. तो वॉर्डाच्या सभागृहात होतो आणि त्यानंतरचे जेवण १८४२ मध्ये स्थापन झालेल्या रिलीफ सोसायटी या स्त्रीसंघटनेच्या सदस्या करतात. त्या जेवणातील बटाटा-चीजचा पदार्थ ‘फ्युनरल पोटॅटोज’ या नावाने इतका रूढ आहे की २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी त्याचे चित्र असलेला बिल्लाही निघाला होता. परंतु येथेही एक दार आहेच. मंदिरविधी झालेल्या मृताला मंदिराचा पोशाख घालून पुरतात आणि तो चढविण्याचे काम तो विधी झालेल्यांनीच करावे असा नियम आहे. पंथ सोडलेली मुलगी जेवणाच्या टेबलाशी असते, आईच्या अंगावर वस्त्र चढविताना नसते.

लिखित इतिहासात या अवस्थेच्या दोन ठळक खुणा सापडतात, दोन्ही स्त्रियांच्या. फॉन ब्रोडी हिने १९४५ मध्ये ‘नो मॅन नोज माय हिस्टरी’ हे जोसेफ स्मिथचे चिकित्सक चरित्र प्रसिद्ध केले व १९४६ मध्ये ती बहिष्कृत झाली. तिचे चुलते डेव्हिड ओ. मॅके पुढे १९५१ मध्ये पंथाचे अध्यक्ष झाले. १९८१ च्या जानेवारीत तिचे निधन झाले. अखेरच्या आजारपणात तिने आपल्या भावाकडे आशीर्वाद मागितला आणि त्याचा अर्थ पंथात परतणे असा कोणी लावू नये, हेही स्पष्ट केले. विधी हवा होता, पण तो भावाचा म्हणून.

लाव्हिना फील्डिंग अँडरसन हिचे उदाहरण अधिक दीर्घ आणि अधिक रोजच्या व्यवहाराचे आहे. पंथातील अभ्यासकांवर अधिकाऱ्यांकडून आलेल्या दबावाची कालक्रमवार नोंद तिने १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ज्या सहा जणांवर कारवाई झाली त्यांत तीही होती. सहांपैकी काही जण पुढे दुरावले, काही पुन्हा पंथात आले. अँडरसन मात्र बहिष्कृत असूनही पती आणि मुलासह सॉल्ट लेकमधील आपल्याच वॉर्डात दर रविवारी जात राहिली. सदस्य नसल्याने तिला सभेत प्रार्थना करता येत नव्हती, भाषण करता येत नव्हते आणि तबक आले की पुढे द्यावे लागत होते. २०१९ मध्ये तिने पुनर्बाप्तिस्म्यासाठी अर्ज केला. ज्यांच्या शेजारी ती पाव शतक बसत आली होती त्या स्थानिक मंडळींचा त्याला पाठिंबा होता. सर्वोच्च अध्यक्षमंडळाने तो नाकारला. पुढच्याच वर्षी नियमपुस्तिकेतून ‘बहिष्कार’ हा शब्द वगळून ‘सदस्यत्व काढून घेणे’ असा शब्दप्रयोग आणण्यात आला. अँडरसनचे ऑक्टोबर २०२३ मध्ये निधन झाले, तेव्हा ती पंथाची सदस्य नव्हती.