आखरावरची टोचणी

मृग लागायला आठ-पंधरा दिवस उरले की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या गावांच्या आखरावर एखाद्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त गलका ऐकू येतो. आखर म्हणजे गावाच्या कडेची मोकळी जागा. घराघरांतली ढोरे सकाळी तिथे जमतात आणि मग ढोरकी त्यांना रानाकडे हाकतो. त्या सकाळी मात्र कळप हलत नाही. दवाखान्याची मोटारसायकल आलेली असते, मागे शीतपेटी दोरीने आवळून बांधलेली. पेटीत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्या कुशीत बाटल्या. बाटलीत दुधासारखे पांढरे, पण तेलासारखे जड काहीतरी. टोचणारा बाटली हलवतो, जाड सुई लावतो, दट्ट्या ओढतो. थंडीने आळसलेले ते औषध सुईत चढायला वेळ घेते. तेवढ्यात कोणीतरी ओरडते, "त्याले नाकाले धरा जी, मारका आहे थो!"

मानेच्या मांसात 3 मिली. बैल अंग झटकतो, सुटतो. जागेवर गाठ येईल, थोडे दिवस राहील, जिरेल. विचारले की उत्तर एकच मिळते: "घटसर्पाची सुई."

या सुईचे कूळ शोधत गेले की आधी त्या नावापाशीच थांबावे लागते. मराठीत घटसर्प हे नाव दोन रोगांना आहे. लहान मुलांचा घसा धरणारा, घशात राखाडी पापुद्रा आणून श्वास कोंडणारा डिप्थेरिया हाही घटसर्प. गाईम्हशींचा गळा सुजवून त्यांना एका रात्रीत आडवे करणारा रोग हाही घटसर्प. दोन्हींचे जंतू वेगळे, एकापासून दुसरा होत नाही. पण नाव ठेवणाऱ्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, डोळे होते. त्याला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली: गळ्याभोवती काहीतरी आवळत चालले आहे. सापाने वेढा घालावा तसे. हिंदीवाले त्यालाच गलघोटू म्हणतात. त्यांनी साप टाळला, पण गळा सोडला नाही.

गुरांच्या रोगांची आपली बरीचशी नावे अशी डोळ्यांनी ठेवलेली आहेत. जनावर एक पाय उचलून लंगडू लागले की एकटांग्या, फऱ्यावर सूज आली की फऱ्या, खुरांत आणि तोंडात फोड आले की खुरकूत. हे अडाणीपण नव्हे. रोग ओळखायचा, जनावर वेगळे बांधायचे, शेजाऱ्याला सावध करायचे, एवढ्या कामाला ही नावे पुरेशी होती. अपुरी पडायची ती पुढच्या प्रश्नाला: हे येते कुठून?

त्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा एका जंगलात मिळाले, आणि ते जंगल आपले नव्हते. 1878 साली जर्मनीत म्युनिकच्या परिसरात हरणे आणि रानडुकरे पटापट मरू लागली. पाठोपाठ गुरेही. ओटो बोलिंगर या विकृतिशास्त्रज्ञाने त्या मृत्यूंचा अभ्यास करून रोगाचे वर्णन लिहिले आणि त्याला रानातल्या जनावरांचा व गुरांचा रोग असेच नाव दिले. 1886 साली ह्युप्पे या जर्मन संशोधकाने असे रोग एका नावाखाली आणले: हिमोरेजिक सेप्टिसेमिया, म्हणजे रक्तात विष भिनून आत जागोजागी रक्त साकळणे. आजही पशुवैद्यकाच्या नोंदवहीत घटसर्पासमोर 'एच. एस.' ही दोन अक्षरे असतात, ती इथली. कुळाच्या वंशावळीत पहिले नाव गोठ्यातल्या गाईचे नाही, रानातल्या हरणाचे आहे. हे लक्षात ठेवायचे, कारण शेवटी आपल्याला तिथेच यायचे आहे.

जंतूला नाव मिळाले लुई पाश्चरवरून. पाश्चर 1879 च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होता. सुट्टीत प्रयोगशाळेत तसेच पडून राहिलेले, जुने झालेले जंतू कोंबड्यांना टोचले तेव्हा त्या थोड्या मलूल झाल्या, पण मेल्या नाहीत. पुढे ताजे, जहाल जंतू टोचले तरी त्या तगल्या. जंतू मवाळ करून टोचला तर शरीर त्याला ओळखायला शिकते, ही गोष्ट त्यातून हाती आली आणि पाश्चरने ती 1880 साली जाहीर केली. कोंबड्यांचा तो जंतू आणि गुरांच्या घटसर्पाचा जंतू एकाच घराण्यातले निघाले. 1887 साली त्या घराण्याला पाश्चुरेला हे नाव दिले गेले. आपल्या घटसर्पाचा कर्ता पाश्चुरेला मल्टोसिडा. आशियात त्याचा जो वाण गुरे मारतो त्याला 'बी 2' म्हणतात.

ही विद्या हिंदुस्थानात उतरली ती पुण्यात. गुरांच्या साथींनी सरकारचे, शेतीचे आणि लष्कराच्या वाहतुकीचे कंबरडे मोडत होते. 1871 साली हॅलन यांच्या आयोगाने देशभरच्या गुरांच्या साथींचा अहवाल दिला होता. त्यानंतर 1889 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. पण भर वस्तीत बुळकांडीसारख्या जहाल रोगांशी खेळायचे म्हणजे शेजाऱ्यांची गुरे ओलीस ठेवण्यासारखे. म्हणून 1893 साली ती प्रयोगशाळा उचलून कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरच्या देवदार-ओकांच्या जंगलात नेली. उंची सात हजार फुटांवर, हवा थंड, माणूस विरळ. 1897 साली रॉबर्ट कॉख तिथे पाहुणा म्हणून येऊन गेला. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. पुढे तिचा मोठा पसारा बरेलीजवळ इज्जतनगरला उभा राहिला.

पुढच्या काळात घटसर्पाच्या लशीने दोन रूपे घेतली. दोन्हींत जंतू फॉर्मालीनने मारलेला असतो. भारतात त्यासाठी जो वाण वापरतात त्याचे नाव पी-52. फरक आहे तो मेलेल्या जंतूला शरीरात किती वेळ रेंगाळू द्यायचे यात. पहिल्या रूपात तो तुरटीवर बसवतात. ही लस पातळ, टोचायला सोपी, पण तिची सुरक्षा चार ते सहा महिने. दुसऱ्या रूपात तो तेलात घोटतात. 1950 च्या दशकात बेन या संशोधकाने आग्नेय आशियात तेलाच्या लशीचा पाया घातला. शरीर तेल हळूहळू जिरवते, त्याबरोबर जंतूची ओळखही हळूहळू पाजली जाते, आणि सुरक्षा वर्षाच्या आसपास टिकते. किंमत एवढीच, की औषध जड, सुई जाड आणि मानेवर गाठ. महाराष्ट्रात या लशी पुण्याच्या औंधमधल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात.

चार महिने आणि बारा महिने, हा फरक पुस्तकात एका ओळीचा. गडचिरोलीत तो रस्त्याचा आहे. भामरागडजवळ पर्लकोटा नदी पुलावर चढली की तालुका उरलेल्या जिल्ह्यापासून तुटतो. एकदा नव्हे, एका पावसाळ्यात अनेकदा. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. गोठली तरी गेली, तापली तरी गेली. फुगलेल्या नाल्याच्या अलीकडे अडकलेल्या शीतपेटीतला बर्फ पलीकडच्या गावासाठी थांबत नाही. म्हणून इथे पावसाआधी टोचून घ्यायचे. त्यातही जी सुई वर्षभर पुरेल ती टोचायची. तेलाची गाठ हा त्या तुटणाऱ्या रस्त्यावरचा तोडगाच आहे.

पावसाआधीच का, याचे दुसरे कारण जंतूच्या स्वभावात आहे. घटसर्पाचा जंतू सगळीकडे मोकाट फिरत नसतो. काही धडधाकट जनावरांच्या घशातल्या टॉन्सिलच्या घड्यांत तो गुपचूप बसून राहतो. जनावर खाते, पिते, काम करते. मग पाऊस येतो. उन्हाळ्यात चारा नसल्याने हाडे वर आलेली, त्यात कोवळ्या गवताची हाव, रात्रभर भिजणे, आणि धानाच्या बांधीत चिखलणी. रोवणीच्या दिवसांत बैल आणि हल्या गुडघाभर चिखलात दिवस काढतात. अशा थकलेल्या जनावराच्या घशातला पाहुणा जागा होतो, लाळेतून, नाकातून बाहेर पडतो. कोरड्या उन्हात तो लवकर मरतो, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात काही दिवस तग धरतो. चिखलाने भरलेला आखर त्याला पुरतो.

आणि मग वेळ राहत नाही. सकाळी जनावर चरत नाही, अंग तापते, ताप 104 ते 107 अंश फॅरनहाइट. तोंडातून लाळेची तार. दुपारी जबड्याखाली गरम, ताठ सूज, ती गळ्यावरून पोळीकडे उतरते. श्वासाला घरघर. म्हैस असेल तर बऱ्याचदा दुसरा दिवस दिसत नाही. सल्फा किंवा प्रतिजैविक सूज येण्याआधी, नुसत्या तापात दिले तर वाचते. सूज दिसल्यावर क्वचितच. म्हणजे ज्या खुणेवरून आजोबांनी रोगाला नाव दिले, ती खूण दिसेपर्यंत उपचाराची वेळ बहुधा टळलेली असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात मारबत काढतात आणि इडापीडा, रोगराई गावाबाहेर घेऊन जा म्हणून तिला साकडे घालतात. श्रावण नुकताच सरलेला, पाऊस अजून उभा आणि ढोरे सर्वांत थकलेली असतात तेव्हा. रोगराईचा हंगाम कुठला हे गावाला कोणा जंतुशास्त्रज्ञाने सांगितलेले नाही. जंतुशास्त्राने एवढेच केले, की तो दिवस तीन महिने अलीकडे ओढला. मारबत आलेला रोग घालवायला होती, सुई रोग यायच्या आधीची.

या सुईचा एक फायदा दुधाच्या भांड्यात दिसतो, म्हणजे खरे तर दिसत नाही. जे जनावर आजारीच पडले नाही त्याला प्रतिजैविक द्यावे लागत नाही, त्याचा अंश दुधात-मांसात उतरत नाही, आणि औषधाला न जुमानणारे जंतू गोठ्यात तयार होत नाहीत. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या फळीतले प्रतिजैविक. ते खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना द्यायला भारताने 2019 साली बंदी घातली, ती याच भीतीपोटी. प्रतिजैविके येण्यापूर्वी फेलिक्स देरेल या फ्रेंच-कॅनडियन संशोधकाने 1920 च्या सुमारास इंडोचायनात म्हशींच्या याच घटसर्पावर बॅक्टेरियोफाज, म्हणजे जंतूंना खाणारे विषाणू, वापरून पाहिले होते. प्रतिजैविके आली आणि ती वाट बऱ्याच ठिकाणी बुजली. आज प्रतिजैविके थकू लागली तशी ती वाट पुन्हा मोकळी करण्याचे काम जगभर चालू आहे.

मुलांच्या घटसर्पाचीही इथे आठवण हवी. बेहरिंग आणि किटासाटो यांनी 1890 साली दाखवले, की जंतूचे विष थोडेथोडे टोचलेल्या जनावराच्या रक्तात उतारा तयार होतो. त्यावरून घोड्याच्या रक्तातून घटसर्पाचा उतारा काढू लागले. मग त्रिगुणी लस आली: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. आज गडचिरोलीच्या एखाद्या टोल्यावर आरोग्यसेविका बाळाला टोचते ती घटसर्पाची, आणि दवाखान्याचा माणूस आखरावर टोचतो तीही घटसर्पाची. दोन पेट्या, दोन खाती, दोन जंतू, आणि गावाच्या तोंडी नाव एकच.

आता हरणाकडे परत. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने 33 'अ' हे कलम आले. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत जी पाळीव जनावरे आहेत, त्यांना संसर्गजन्य रोगांविरुद्ध टोचून घेण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने करायची, असे ते सांगते. ताडोबा-अंधारी, चपराळा, भामरागड अशी नावे ज्या दोन जिल्ह्यांत आहेत, तिथे हे कलम कागदावरचे राहू शकत नाही. गावची गाय आणि रानगवा एकाच बोडीवर पाणी पितात. रोगाला कुंपण कळत नाही. कझाकस्तानात 2015 साली याच जंतूने काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा हरणे मारली. बोलिंगरने म्युनिकमध्ये पाहिलेलेच, पण कितीतरी पटींनी.

गडचिरोलीच्या दक्षिणेला कोलामार्का आहे. महाराष्ट्रात रानम्हशी उरल्या त्या एवढ्याच रानात, मोजक्या. 2013 साली ते संवर्धन राखीव क्षेत्र झाले. घटसर्पापुढे सगळ्यांत दुबळी म्हैस, आणि इथली म्हैस अशी की तिला ना खोड्यात घालता येते, ना नाकाला धरता येते. ब्रह्मदेशाने यावर एक वेगळी युक्ती केली. इंग्लंडमधल्या एका हरणात सापडलेला घटसर्पाचा सौम्य जिवंत वाण 1989 पासून तिथे म्हशींच्या नाकात फवारला जातो. हरणाच्या जंतूने म्हैस वाचते. पण तीही म्हैस गोठ्यातली, नाक पुढे करणारी.

कोलामार्क्याच्या रानम्हशीला फवाराही नाही आणि सुईही नाही. तिच्या वाट्याची सुई तिच्या रानाच्या कडेला असलेल्या गावांतल्या ढोरांच्या मानेत जाते. आखरावर बैल अंग झटकून सुटतो, टोचणारा बाटली पुन्हा हलवतो, ढोरकी मोजतो: अजून सात राहिली. सातवे टोचून झाले की तो काठी उचलतो आणि कळप रानाकडे वळवतो.