चाकांवरचा रंगमंच

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की गाभारा, शिखर, सभामंडप यांचा हिशोब आधी होतो. परंतु यात्रेच्या रात्री देवळापुढे उभा राहणाऱ्या रंगमंचालाही इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्या कृष्णाकाठचा आहे. तो ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केले. १८५१ मध्ये श्रीमंत निवर्तले, तेव्हा भावे मंडळी घेऊन बाहेर पडले व १८५३ मध्ये मुंबईस पोचले. राजाश्रय सुटल्यावर नाटक तगले ते फिरतीवर.

तमाशाचे तर जिणेच फिरतीचे. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूंचा फड सांगलीजवळच्या कवलापूरचा. फडांचा पसारा आधी बैलगाडीतून व पुढे मालमोटारीतून हलू लागला. जेथे फडाचा स्वतःचा मंच नसे, तेथे गावकरीच गाड्या जोडून अथवा पिंपांवर फळ्या टाकून रात्रीपुरता बोर्ड उभा करीत. ज्यांच्या ढोलकीने यात्रा रंगे, त्यांतील कित्येकांना त्या काळी देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

पुढे ट्रॅक्टर आले आणि बैलगाडीची जागा ट्रेलरने घेतली. आपल्या भागात दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते व उन्हाळ्याच्या तोंडी आटोपते. चैत्र-वैशाखात यात्रा भरतात, त्याच वेळी उसाचे ट्रेलर मोकळे असतात. जुना ट्रेलर रंगमंचासाठी सोयीचा, तो यामुळेच.

त्याची रचना अवघड नाही. ट्रेलर ६ फूट रुंद व १२ फूट लांब धरला, तर त्यावर ७२ चौरस फूट जागा मिळते. दोन्ही अंगांना बिजागऱ्यांवर ६-६ फुटांचे घडीचे फाळके बसवून उघडले की तीच जागा २१६ चौरस फूट होते. मात्र फाळक्यांखाली लोखंडी पाय आधी लावावेत. एका अंगाला माणसे दाटली तर ट्रेलर कलंडतो. चारही कोपऱ्यांना जॅक देऊन भार चाकांवरून काढावा, नाहीतर नाचणाऱ्याच्या पायाखाली मंच हिंदकळतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत वाहनात असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

ही युक्ती इतरत्रही लोकांना सुचली. १९५७ मध्ये न्यूयॉर्क शहरात जोसेफ पॅप यांनी ट्रेलरवर घडीचा रंगमंच बसवून शेक्सपिअरचे नाटक वस्त्यावस्त्यांत फुकट दाखविले. १९६३ मध्ये आसामातील पाठशाला येथे अच्युत लहकर यांनी ‘नटराज थिएटर’ काढले. मंच, तंबू, खुर्च्या असे सारे नाट्यगृहच ते गावोगाव नेत.

जीर्णोद्धाराच्या वेळी देवळापुढे सिमेंटचा कायमचा रंगमंच बांधावा, अशी सूचना पुष्कळ गावांत निघते. त्यामागचा भाव चांगला, पण असा मंच वर्षातून चार रात्री वापरात येतो आणि उरलेले दिवस पालखीची वाट व पंगतीची जागा अडवितो. शिवाय तो एकाच जागी राहतो. मलकापूर आता नगरपरिषदेचे गाव झाले, वस्ती चहूकडे वाढली. चाकांवरचा रंगमंच देवळापुढे उभा राहील, दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात जाईल, आणि पूर्वी जेथील लोकांना यात्रेत दूर उभे राहावे लागे, त्या वस्तीतही जाईल. पटांगण मात्र सर्वांसाठी मोकळे राहील.

देवाच्या दारी दिलेला पैसा एका जागी थिजावा की गावभर फिरावा, याचा विचार देणगीदार मंडळींनी करावा, ही नम्र विनंती.