नारळ, डच्चू आणि परस्पर संमती

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर एखाद्या संघाला प्रशिक्षक मिळतो, तेव्हा त्या घटनेसाठी शब्द फार थोडे सापडतात. नेमणूक होते, निवड होते, फार तर 'वर्णी लागते'. तोच प्रशिक्षक जातो तेव्हा मात्र भाषा एकाएकी श्रीमंत होते. उचलबांगडी, हकालपट्टी, डच्चू, गच्छंती. आणि सगळ्यांत सोज्वळ म्हणजे हाती नारळ देणे. ह्यांतील 'गच्छंती' हा शब्द भाषेच्या अभ्यासकांनी थोडा थांबून पाहावा असा आहे. मुळात ते संस्कृतातील कर्तरी क्रियापद, 'ते जातात' अशा अर्थाचे. मराठीने त्याचे नाम केले आणि जो आपण होऊन जातच नाही, ज्याला घालवले जाते, त्याच्याच गळ्यात ते बांधले. अलीकडे ह्या रांगड्या शब्दांना बाजूस सारून क्लबांच्या निवेदनांतून एक सोवळा प्रयोग आला आहे : 'परस्पर संमतीने'. 'परस्पर' ह्या शब्दाचा मराठीतील दुसरा अर्थ निवेदन लिहिणाऱ्यांना ठाऊक असतो की नाही, कोण जाणे. परस्पर म्हणजे एकमेकांच्या विचाराने. आणि परस्पर म्हणजे कोणाला न विचारता.

ह्या सर्व शब्दांत जाणारा दिसतो, घालवणारा दिसत नाही. गोवा, मुंबई आणि पुणे येथील व्यावसायिक फुटबॉलचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास आम्ही ह्या एका प्रश्नासाठी वाचू लागलो. आमच्या जळगाव-धुळ्याकडे व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. खेळातील गुरूची आमची कल्पना घडली ती आखाड्यावरून. वस्ताद नेमला जात नाही, म्हणून त्याला काढताही येत नाही. पठ्ठे येतात, जातात. वस्ताद तेथेच असतो. फुटबॉलचा प्रशिक्षक मात्र आधी नोकर असतो, नंतर गुरू. त्याच्यावरचे दडपण कोठून येते हे कळायचे, तर आधी त्याचा धनी कोण हे पाहावे लागते.

गोव्यात हा धनी बराच काळ खाणमालक होता. साळगावकर क्लबचा आरंभ १९५६ चा. साठच्या दशकात डेम्पो क्लब आला. ज्या धेंपे घराण्याच्या नावाचे महाविद्यालय मिरामारला आहे आणि ज्या समूहाकडे मराठी दैनिक 'नवप्रभा' आहे, त्यांचाच हा क्लब. खाण, बोटी, महाविद्यालय, वृत्तपत्र आणि फुटबॉल हे सारे एकाच छत्राखाली. अशा घरात क्लब हा ताळेबंदातील नफ्याचा विषय नसतो. तो प्रतिष्ठेचा असतो, आणि प्रतिष्ठेला घाई नसते. २००० साली आर्मांदो कुलासो डेम्पोचे प्रशिक्षक झाले आणि २०१३ पर्यंत राहिले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये एवढा अखंड काळ फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे. ह्या काळात डेम्पोने २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि २००८ मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. मधल्या हंगामांत विजेतेपद हुकले, पण खुर्ची हलली नाही. रँटी मार्टिन्स आणि बेटो ही परदेशी जोडी, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे देशी खेळाडू. वर्षानुवर्षे तेच चेहरे, आणि बाकावर तोच माणूस.

ह्या तेरा वर्षांतील एक दिवस गुणतक्त्यात कोठेच मावत नाही. ५ डिसेंबर २००४. बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. डेम्पोचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर कोसळला आणि त्याच दिवशी गेला. डेम्पोने सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचे. करंडक हाती आला तेव्हा तो घ्यायला संघ जवळजवळ नव्हताच. त्यानंतर ह्याच खेळाडूंना पुन्हा मैदानात उभे करायचे होते, आणि त्याच हंगामात डेम्पोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. दडपण म्हणजे पराभवाची भीती, असे क्रीडापाने धरून चालतात. त्या हिवाळ्यात कुलासो ह्यांच्यावर जे होते त्याला तो शब्द पुरत नाही. आमच्या मते, प्रशिक्षकाला दीर्घ काळ देण्याचे खरे समर्थन विजेतेपदांच्या यादीत नाही, ते येथे आहे. दुःखातून संघ बाहेर काढायला माणूस संघात मुरलेला असावा लागतो.

तरी ह्या आश्रयाचे गोडवे गाताना जपावे. धन्याच्या मर्जीने जी खुर्ची टिकते ती धन्याच्या मर्जीने जाते; एवढेच की तेथे प्रशिक्षक एकटा जात नाही, अख्खा क्लब जातो. मुंबईच्या महिंद्र युनायटेडची कथा ही अशी. १९६२ साली स्थापन झालेला कंपनीचा हा संघ डेरिक परेरा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. शालेय आणि युवा फुटबॉलकडे लक्ष वळवायचे आहे, असे कारण देण्यात आले. कारण खोटे नसेल. पण संघ काही तळाला गेला नव्हता. कोणी हरले म्हणून हे घडले नाही. गोव्यातही पुढे निराळ्या वाटेने हेच झाले. खाणींवर २०१२ साली बंदी आली. डेम्पो समूहाने आपला खाणव्यवसाय त्याआधीच, २००९ मध्ये, विकला होता. २०१३ मध्ये कुलासो गेले आणि आर्थर पापास हे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक आले. २०१४-१५ च्या अखेरीस, पाच वेळचा विजेता डेम्पो खालच्या विभागात घसरला होता. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले.

कुलासो मात्र डेम्पोहून निघून कोलकात्याला गेले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते बाहेर होते. गोव्यात तेरा वर्षे, कोलकात्यात सव्वा वर्ष, माणूस तोच. ज्यांना प्रशिक्षकाच्या यशापयशाची कारणे त्याच्या स्वभावात शोधायची सवय आहे, त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २०२४ सालासाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार, जीवनगौरव गटात, त्यांना मिळाला.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि धन्याची जागा भागधारकाने घेतली. गंमत अशी की गोव्याच्या नव्या संघाच्या, एफसी गोवाच्या, पहिल्या मालकांत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपे हीच नावे होती. जोडीला व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत. घराणी तीच, पण करार नवा. पुण्याकडे पाहिले तर ह्या नव्या रीतीचे टोक दिसते. एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ ते २०१९ असा पाच हंगाम टिकला. फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनिओ हबास, रान्को पोपोविच, मिगेल आंगेल पोर्तुगाल, फिल ब्राउन : पाच हंगामांत सहा मुख्य प्रशिक्षक, हंगामी वेगळे. पोर्तुगाल ह्यांना २०१८ मध्ये तीन सामन्यांनंतर नारळ मिळाला. तीन सामन्यांत खेळाडूंची नावे पाठ होतात, एवढेच. तासिका तत्त्वावर दरवर्षी नव्याने मुलाखत देऊन वर्गात उभे राहणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो विद्यार्थ्याला पुढच्या वर्षाचे वाचायला कसे सांगणार?

निकालांसाठी प्रशिक्षक बदलावा लागतो, हे तत्त्व आपण मान्य करू. मग ३१ जानेवारी २०२० चे काय करायचे? त्या दिवशी एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा ह्यांना दूर केले, तेव्हा संघ गुणतक्त्यात सर्वांत वर होता. साखळीचे मोजकेच सामने उरले होते. २०१७ पासून ह्या स्पॅनिश प्रशिक्षकाने संघाला चेंडू पायाशी ठेवून खेळण्याची एक निश्चित शैली दिली होती. २०१९ मध्ये संघ लीगच्या अंतिम सामन्यात पोचला आणि त्याच वर्षी सुपर कप जिंकला. ते गेल्यावर हंगामी सूत्रे क्लिफर्ड मिरांडा आणि डेरिक परेरा ह्या जुन्या माणसांकडे आली. संघाने साखळीतील अव्वल स्थान राखले आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जागा मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. एका परीने लोबेरांच्या मेहनतीची ही पावतीच. फक्त ती घ्यायला ते नव्हते.

पुढचे कथानक एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरेकी म्हटले असते. मुंबई सिटी एफसीचा मोठा हिस्सा २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने घेतला होता. २०२० मध्ये त्यांनी लोबेरांना आणले. मागोमाग गोव्याचे ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हेही मुंबईकडे आले. करोनामुळे तो सारा हंगाम गोव्यातच, रिकाम्या प्रेक्षागारांपुढे झाला. उपांत्य फेरीत मुंबईने एफसी गोवाला टायब्रेकरवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर करंडक उचलला. ज्या मैदानावरून लोबेरांना जावे लागले, त्याच मैदानावर. टाळ्या वाजवायला कोणी नव्हते. हुर्यो करायलाही नव्हते.

ह्या उदाहरणावरून कोणी म्हणेल, हा परदेशी आणि बड्या पैशांचा खेळ. म्हणून मुंबईच्याच खालिद जमील ह्यांच्याकडे वळू. आमच्या दृष्टीने ह्या इतिहासाचा गाभा तेथे आहे. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला हा मधल्या फळीतील खेळाडू २००९ मध्ये मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. संघाकडे पैसा बेताचा. कूपरेज मैदानाचे काम निघाले तेव्हा 'मुंबई' नावाचा हा संघ आपले घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळत होता. विजेतेपदाची भाषा तेथे नव्हती. वरच्या विभागात टिकायचे, एवढीच आकांक्षा. जवळजवळ सात वर्षे जमील ह्यांनी तो संघ टिकवला. खेळ बचावात्मक, रुक्ष, अशी टीका होत राहिली. ती सर्वस्वी चुकीची होती असे नाही. पण गळके छप्पर सावरणाऱ्याकडून नक्षीकामाची अपेक्षा धरण्यासारखेच ते होते. २०१६ मध्ये क्लब आणि जमील ह्यांची फारकत झाली.

जमील मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ २०१५-१६ मध्ये खाली घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले, जागा मोकळ्या झाल्या, म्हणून आयझॉलला पुन्हा आत घेण्यात आले. म्हणजे गोव्यातील आश्रयाची जुनी व्यवस्था मोडली, तिच्या रिकाम्या जागेत एक डोंगरी संघ शिरला आणि त्याला मुंबईने सोडलेला प्रशिक्षक मिळाला. जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबई एफसीतून खेळलेले गडीही तेथे होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला १-१ अशी बरोबरी साधून आयझॉल राष्ट्रीय विजेता झाला. ईशान्य भारतातील पहिलाच. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी राहून लीगबाहेर गेला, आणि मग क्लबच उरला नाही.

विजेत्या जमील ह्यांना लगेच ईस्ट बंगालने बोलावले. संघ लीगमध्ये चौथा आला. हंगाम संपण्याआधीच त्यांच्या डोक्यावर सुभाष भौमिक ह्यांना तांत्रिक संचालक म्हणून बसवण्यात आले होते. ही युक्ती कार्यालयीन जीवनातील प्रत्येकाला परिचित आहे : माणसाला काढायचे नाही, त्याच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल टाकायचे. २०१८ च्या एप्रिलमध्ये सुपर कपचा अंतिम सामना हरल्यावर तो अध्याय संपला. पुढे २०२१ च्या आरंभी नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नूस ह्यांना हंगामाच्या मध्यात काढले, तेव्हा तात्पुरती सूत्रे जमील ह्यांच्याकडे आली आणि त्यांनी संघ बाद फेरीत नेला. त्याच वर्षी ते इंडियन सुपर लीगमधील पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. लीग सुरू होऊन तोवर सात वर्षे लोटली होती. त्याआधी भारतीय माणूस दिसायचा तो बहुतेक 'हंगामी' ह्या विशेषणासह; परदेशी जातो आणि दुसरा परदेशी येतो ह्यांच्या मधल्या फटीत. कुलासो ह्यांनाही २०११ मध्ये राष्ट्रीय संघ मिळाला तो असाच, काही महिन्यांपुरता.

राष्ट्रीय संघाच्या बाबतीत ही फट तेरा वर्षांची ठरली. २०१२ मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा पायउतार झाल्यानंतर भारताला भारतीय प्रशिक्षक मिळाला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, खालिद जमील. त्यांच्याआधी मानोलो मार्केझ हे एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत असे दोन्ही संघ सांभाळत होते. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतील त्यांच्या दोन सामन्यांतून भारताला एकच गुण मिळाला होता. जमील आले तेव्हा देशात लीगचा नवा हंगामही सुरू नव्हता. लीगचा व्यावसायिक करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि पुढचे ठरलेले नव्हते; बंगळुरू एफसीने तर ऑगस्टमध्ये खेळाडूंचे आणि प्रशिक्षकवर्गाचे पगार थांबवले होते. खेळाडू निवडायचे, पण ते खेळताना पाहायचे कोठे, अशी स्थिती. ह्या कराराशी प्रशिक्षकाचा काडीमात्र संबंध नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरविरुद्धचा सामना फातोर्ड्यालाच झाला. चौदाव्या मिनिटाला मिझोरमच्या लालियानझुआला छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली. मध्यंतराच्या जरा आधी बरोबरी झाली. उत्तरार्धात सिंगापूरने दुसरा गोल केला. भारत १-२ असा हरला, आशियाई चषकाची वाट बंद झाली, आणि नेमणुकीला तिसरा महिनाही पुरा न झालेले जमील प्रश्नांना उत्तरे द्यायला उभे राहिले.