कुंभारीण : कुणाची बायको की घडवणारी?

‘कुंभार’ या शब्दाच्या पोटातच काम आहे. कुंभ करणारा तो कुंभकार. प्राकृतात मधला ‘क’ गळाला, ‘कुंभआर’ झाला आणि मराठीत ‘कुंभार’ रुळला. सुवर्णकाराचा सोनार आणि लोहकाराचा लोहार याच वाटेने आले. शेवटच्या ‘आर’मध्ये ‘कृ’ धातू, म्हणजे ‘करणे’, अजून शाबूत आहे.

त्याला ‘ईण’ लागला की काम मागे सरतं आणि नातं पुढे येतं. कुंभारीण म्हणजे कुंभाराची बायको, असंच आपण धरून चालतो. दोष प्रत्ययाचा नाही. वाघीण काही वाघाची बायको म्हणून वाघीण ठरत नाही. मोलकरीण तर स्वतः मोलाने राबते म्हणूनच मोलकरीण. मग कुंभारणीलाच नवऱ्यावरून ओळख का?

याचं उत्तर व्याकरणात सापडत नाही, ते चाकापाशी सापडतं. देशातल्या अनेक कुंभार समाजांत बाईने चाक चालवू नये असा दंडक होता. माती चाळायची, भिजवायची, मळायची ती तिने. मडकी वाळवायची, रंगवायची, आव्यासाठी जळण गोळा करायचं, बाजारात विकायला बसायचं तेही तिने. (हा ‘आवा’ म्हणजे संस्कृतातला ‘आपाक’, भाजण्याची जागा. त्यातला ‘पाक’ स्वयंपाकातलाच.) एवढं करूनही चाक त्याचं, म्हणून मडकंही त्याचंच मानलं गेलं.

जिथे चाकच नाही, तिथे काय घडतं ते मणिपूरमध्ये दिसतं. आंद्रो आणि थोंगजाव या गावांत मडकी बायकाच घडवतात, तीही निव्वळ हातांनी. मातीच्या पट्टीचं कडं करून ते उंचवट्यावर ठेवायचं आणि थापटत, ओढत त्याला आकार द्यायचा. मडकं जागच्या जागी असतं, घडवणारी त्याच्याभोवती फिरते. थोंगजावच्या नीलमणी देवींना 2007 साली पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी. त्यांची ओळख सांगताना कुणाच्या चाकाचा आधार घ्यावा लागत नाही.

आपल्या भाषेनेही एका कुंभारणीला हा मान फार पूर्वीच दिला आहे. भिंतीच्या कोपऱ्यात, चौकटीच्या खाचेत मातीचं घर बांधणारी गांधीलमाशीची जातभाई, तिला मराठी माणूस कुंभारीणच म्हणतो. ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून ती आणते आणि थरावर थर देत घर उभं करते. तिच्यातल्या काही जाती तर मान आणि काठ असलेलं इवलंसं मडकंच करतात. हे सारं बांधकाम मादी करते, नर त्यात हात घालत नाही. कीटकशास्त्र न शिकलेल्या लोकांनी तिला कुंभार न म्हणता कुंभारीण म्हटलं, आणि नाव अगदी अचूक बसलं.

‘कुंभारणीच्या घरातला किडा कुंभारणीचा’ ही म्हण तिच्यावरूनच आली. ती अळी किंवा कोळी नांगी मारून बधिर करते, घरात कोंडते, अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. पुढे त्यातून नवी कुंभारीण बाहेर पडते. बघणाऱ्याला वाटलं, आत नेलेला किडाच सहवासाने कुंभारीण झाला. प्रत्यक्षात तो किडा तिच्या पिल्लाचं अन्न असतो. म्हणीतलं निरीक्षण पक्कं होतं, निष्कर्ष तेवढा चुकला.

आज शहरांत कितीतरी बायका चाकावर बसतात, हाताने भांडी घडवतात, स्वतःची भट्टी लावतात. त्यांना आपण ‘सिरॅमिक आर्टिस्ट’ म्हणतो. ‘सिरॅमिक’च्या मुळाशी ग्रीक ‘केरामोस’ आहे, म्हणजे कुंभाराची माती. अर्थाने दोन्ही नावं शेजारीच राहतात, प्रतिष्ठेने मात्र दूर. कारण कुंभारीण या शब्दावर जातीचा शिक्का आहे आणि तो नजरेआड करता येत नाही. म्हणून या नावावर पहिला हक्क पिढ्यान्‌पिढ्या माती मळणाऱ्या बायकांचाच. त्यांना कारागीर म्हणून मोजलं, मडक्याच्या किमतीत त्यांच्या मेहनतीचा वाटा धरला, तर या शब्दाचा अर्थ आपोआप सरळ होईल. कोशात ‘कुंभारीण’पुढे पहिला अर्थ ‘मातीची भांडी घडवणारी’ असा यावा, आणि बायकोचा अर्थ त्यानंतर. भिंतीवरच्या माशीला जे नाव कामावरून मिळालं, ते माणसातल्या बाईलाही कामावरूनच मिळायला हवं.