रणजी करंडकातील 'महाराष्ट्र' : संघाचे नाव आणि प्रदेशाची कल्पना

प्रस्तावना :
क्रीडासंघाचे नाव हे तो ज्या प्रदेशाचे प्रतिनिधित्व करतो त्याचे निदर्शक मानले जाते. परंतु नावाची व्याप्ती आणि प्रदेशाच्या सीमा नेहमीच जुळतात असे नाही. रणजी करंडकातील 'महाराष्ट्र' संघाच्या आधारे हा संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
१९३४-३५ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. मराठी मुलूख मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड, हैदराबाद आणि सांगली, कोल्हापूर यांसारख्या संस्थानांत विभागलेला होता. तरीही 'महाराष्ट्र' या नावाचा संघ मैदानात उतरला. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० व १९४०-४१ असे सलग दोनदा अजिंक्यपद मिळविले. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला तो त्यानंतर, १९४६ मध्ये.

या नावाचे महत्त्व विजय हजारे यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९१५ मध्ये सांगली संस्थानात जन्मलेल्या हजारे यांनी १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. मात्र धर्मनिहाय संघांच्या पंचरंगी स्पर्धेत ख्रिस्ती असल्याने त्यांना 'इतर' या संघाकडून खेळावे लागे. १९४३ मध्ये हिंदू संघाविरुद्धच्या त्यांच्या ३०९ धावा 'इतर' याच नावावर नोंदल्या गेल्या. प्रदेशाच्या नावाने ज्याला सामावून घेतले, त्यालाच धर्माच्या नावाने 'इतर' ठरविले.

पुढे सीमा बदलल्या. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तथापि मुंबई व विदर्भ यांचे रणजी संघ स्वतंत्रच राहिले. पूर्वी राज्याविना असलेले संघाचे नाव आता राज्याचेही झाले. पण संघ मात्र राज्याच्या एका भागापुरताच उरला. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना 'महाराष्ट्रा'कडून खेळल्या, तर नागपूरची खेळाडू त्याच राज्यातील असूनही 'विदर्भा'ची ठरते.

निष्कर्ष :
संघाचे नाव केवळ प्रशासकीय नकाशाचे प्रतिबिंब नसते. ते कधी भावी राज्याची चाहूल देते, तर कधी जुन्या विभागणीची स्मृती जपते. म्हणूनच अशा नावाचा अभ्यास करताना त्यात कोणाचा समावेश झाला आणि कोण बाहेर राहिले, हे पाहणे अगत्याचे ठरते.